यामानामी हायवे आणि आसो-कुजू: स्वतः गाडी चालवत जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

क्यूशू हे जपानच्या चार मुख्य बेटांपैकी सगळ्यात दक्षिणेचं. या बेटाच्या मधोमध बेप्पूच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपासून आसोच्या ज्वालामुखीपर्यंत डोंगरमाथ्यावरून एक रस्ता जातो. ओळखीतली मंडळी तिकिटं काढण्याआधी, आणि बरेचदा काढून झाल्यावर, या रस्त्याबद्दल जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे.

यामानामी हायवे म्हणजे नेमका कोणता रस्ता?

काटेकोर सांगायचं तर युफुइनजवळच्या मिझुवाके खिंडीपासून आसोच्या इचिनोमिया भागापर्यंतचा साधारण ५० किलोमीटरचा पट्टा. हा रस्ता १९६४ साली टोल रस्ता म्हणून सुरू झाला आणि १९९४ पासून तो फुकट आहे. बोलताना मात्र लोक बेप्पू ते आसो या सगळ्याच रस्त्याला यामानामी म्हणतात. तेवढं धरलं तर अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास जातं.

नावात 'हायवे' आहे म्हणून एक्स्प्रेस वे डोळ्यांसमोर आणू नका. येणाऱ्याला एक आणि जाणाऱ्याला एक अशा दोनच लेन आहेत. वळणं पुष्कळ, पण डांबर गुळगुळीत आणि खड्ड्याचं नाव नाही. आपल्याकडच्या घाटात गाडी चालवलेल्या माणसाला यात अवघड असं काही वाटणार नाही. फक्त वळणावर हॉर्न मारायची सवय घरी ठेवून जा. जिथे हॉर्न वाजवण्याची पाटी असेल तिथे वाजवायचा, एरवी तिथे कोणी वाजवत नाही.

फुकुओकाहून एका दिवसात जाऊन येता येईल का?

येईल, पण मी कोणालाच तसं सुचवत नाही. नुसतं गाडी चालवणंच पाच-सहा तासांचं होतं. मग प्रत्येक थांब्यावर घड्याळ बघत फोटो काढायचे आणि पळायचं. त्यापेक्षा बेप्पूचे गरम झरे बघून रेल्वेने परत या, तो दिवस जास्त सुखाचा जाईल.

किमान दोन रात्री द्या, तीन दिल्या तर उत्तम. पहिली रात्र बेप्पू किंवा युफुइनला, दुसरी कुरोकावा या गरम झऱ्यांच्या गावी, तिसरी आसोच्या कुंडात, म्हणजे ज्वालामुखीच्या आतल्या खोलगट भागात. दिवस राखून ठेवण्याचं खरं कारण ज्वालामुखी आहे. विवर बघायला मिळेल की नाही हे सकाळी उठल्यावर कळतं. हाताशी आणखी एक सकाळ असली तर निदान दुसरी संधी मिळते.

बेप्पूकडून आसोकडे जावं की उलट?

बेप्पूकडून. माझं हे मत ठाम आहे. या दिशेने गेलं की उंची हळूहळू वाढते. आधी युफु डोंगर (१,५८३ मीटर) दिसतो, मग जंगल, मग कुजू डोंगररांगेची पठारं, मग माकिनोतो खिंड. त्यानंतर बराच वेळ मोकळं गवत, आणि शेवटी शिरोयामा व्ह्यू पॉइंटपाशी जमीन एकदम संपते. खाली भातशेती, घरं, रेल्वेलाइन आणि पलीकडे धुरणारा डोंगर. आसोकडून निघालात तर हे सगळं पहिल्या वीस मिनिटांतच पाठीमागे टाकून जाल.

गाडी फुकुओकात घेऊन कुमामोतोला सोडता येते. एकीकडे घेऊन दुसरीकडे सोडण्याचे वेगळे पैसे पडतात. चौघे जण असाल तर ते विशेष जाणवत नाहीत.

आपलं लायसन्स चालतं का?

भारतातलं नुसतं लायसन्स चालत नाही. आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढावं लागतं. जपान १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेली परमिटंच मानतो आणि भारत त्या करारात आहे, त्यामुळे आपल्या आरटीओचं परमिट तिथे चालतं. ते निघण्याआधी इथूनच काढायचं, तिथे पोहोचल्यावर काही करता येत नाही. गाडी घेताना परमिट, मूळ लायसन्स आणि पासपोर्ट तिन्ही लागतात. परमिटची झेरॉक्स किंवा मोबाइलवरचा फोटो दाखवून किल्ली मिळत नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी: अमेरिकेतलं परमिट चालतं. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड किंवा बेल्जियमचं लायसन्स असेल तर प्रकार वेगळा आहे. तिथे परमिटऐवजी लायसन्सचा अधिकृत जपानी अनुवाद लागतो. म्युनिकहून येणाऱ्या मित्राने हे आधी बघून घेतलेलं बरं.

डावीकडून गाडी चालवायची, म्हणजे आपल्यासारखंच ना?

हो, आणि हा आपला मोठा फायदा आहे. स्टिअरिंगही उजवीकडेच असतं. तरी तीन गोष्टी लक्षात ठेवा.

लाल रंगाचा उलटा त्रिकोण म्हणजे थांबा. वेग कमी करून पुढे सरकायचं नाही, चाकं पूर्ण थांबायला हवीत. रेल्वे फाटकापाशीही तसंच, फाटक उघडं असलं तरी.

वेगाची पाटी नसेल तर साध्या रस्त्यावर कमाल ६० किलोमीटर. डोंगरात बरेचदा ४० किंवा ५० ची पाटी असते. मागे कोणी स्थानिक माणूस घाईत असेल तर जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन त्याला जाऊ द्या. रविवारी बाइकवाल्यांचे ताफे असतात, त्यांनाही.

दारूच्या बाबतीत शून्य म्हणजे शून्य. चालवणाऱ्याबरोबर शेजारी बसलेल्यालाही शिक्षा होऊ शकते. सहा वर्षांखालच्या मुलांना चाइल्ड सीट सक्तीची आहे, ती गाडी बुक करतानाच मागून ठेवा.

पेट्रोल भरताना भाषेची अडचण येते का?

सेल्फ सर्व्हिस पंपावर थोडी येते. नळीचा रंग बघा: लाल म्हणजे साधं पेट्रोल, पिवळी म्हणजे हाय ऑक्टेन, हिरवी म्हणजे डिझेल. भाड्याच्या लहान गाडीत बहुतेक वेळा लालच लागतं, पण गाडी ताब्यात घेताना विचारून घ्या.

माणसं असलेल्या पंपावर मजा असते. गाडी शिरली की एक जण हातवारे करत जागेवर आणून उभी करतो, दुसरा ओला टॉवेल आतून डॅशबोर्ड पुसायला देतो, तिसरा काच पुसतो. निघताना त्यातलाच एक रस्त्यावर उतरतो, येणारी वाहनं थांबवून आपल्याला वाट करून देतो आणि वाकून नमस्कार करतो. टिप द्यायची नसते. डोंगरावर पंप विरळ आहेत आणि संध्याकाळी लवकर बंद होतात, म्हणून टाकी बेप्पू किंवा युफुइनलाच भरून निघा.

आसोचा 'कॅल्डेरा' म्हणजे काय? आपल्या सह्याद्रीसारखंच काहीतरी?

दोन्ही ज्वालामुखीचीच करणी, पण तऱ्हा वेगळी. सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास भेगांतून वाहत आलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. आसोमध्ये चार प्रचंड स्फोट झाले, त्यातला शेवटचा सुमारे ९०,००० वर्षांपूर्वी. पोटातला एवढा ऐवज बाहेर पडला की वरची जमीन आत खचली. त्या खचलेल्या भागाला, म्हणजे या कुंडाला, कॅल्डेरा म्हणतात. तो उत्तर-दक्षिण सुमारे २५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १८ किलोमीटर आहे. शेवटच्या स्फोटातला तप्त राखेचा लोट समुद्र ओलांडून होन्शू बेटावरच्या यामागुचीपर्यंत गेला होता.

तेव्हाची दाट राख थंड होताना आकसली आणि तिचे उभे खांब झाले. आसोच्या दक्षिणेला ताकाचिहोच्या घळीत ते बघायला मिळतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्याला ते खांब ओळखीचे वाटतील, फक्त तो बेसॉल्ट आहे आणि ही घट्ट झालेली राख.

आज या कुंडात सुमारे पन्नास हजार माणसं राहतात. शाळा आहेत, रेल्वे आहे, भात पिकतो. कुंडाच्या मधोमध नंतर उगवलेले डोंगर आहेत, त्यातला ताकादाके सगळ्यात उंच, १,५९२ मीटर. धूर निघतो तो त्याच्या शेजारच्या नाकादाकेतून.

विवराच्या काठापर्यंत जाता येतं का?

परिस्थिती शांत असेल तर जाता येतं, अगदी कठड्यापर्यंत. आत हिरवट निळं उकळतं तळं असतं आणि त्यावर पांढरी वाफ. टोल भरून स्वतःची गाडी वर नेता येते किंवा खालच्या स्थानकावरून शटल बस घेता येते.

पण इथे दोन अटी आहेत आणि दोन्ही आपल्या हातात नाहीत. पहिली म्हणजे ज्वालामुखीच्या सतर्कतेची पातळी. ती १ ते ५ अशी असते. १ असेल तर वाट उघडी, २ झाली की विवराभोवतीचा एक किलोमीटरचा परिसर बंद. दुसरी अट गंधकाच्या वायूची. पातळी १ असतानाही वारा फिरला आणि वायू लोकांच्या दिशेला आला की घोषणा होते, दिवे लागतात आणि सगळ्यांना मागे पाठवतात. हे दिवसातून अनेकदा होऊ शकतं. अर्ध्या तासात पुन्हा उघडतं किंवा उघडतही नाही.

दमा असलेल्यांनी काय करावं?

वर जाऊ नये. ही निव्वळ सूचना नाही. दमा, श्वासनलिकेचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांना तिथे मनाईच आहे. या वायूने पूर्वी पर्यटक दगावले आहेत. आजीआजोबा बरोबर असतील तर त्यांना खाली कुसासेन्रीला थांबवा. तिथल्या ज्वालामुखी संग्रहालयात विवरावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र दिसतं, बाहेर विस्तीर्ण कुरण आहे आणि घोडेही आहेत.

हे धोक्याचं नाही का?

डोंगर जागा आहे, हे खरंच. २०१६ च्या आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मोठे उद्रेक झाले. २०२१ चा तर भर दिवसा, उजेडात झाला. १९५८ आणि १९७९ मध्ये उद्रेकात माणसं गेली. विवराजवळ काँक्रीटचे जाड, कमानदार निवारे दिसतात, ते दगड उडायला लागले तर आत शिरण्यासाठी आहेत. नियम कडक आहेत ते याच अनुभवातून. दोरी बांधली असेल तर ती ओलांडू नका, एवढं पुरेसं आहे.

विवर बंद निघालं तर सगळी सहल फुकट गेली का?

मुळीच नाही, आणि हेच मला सगळ्यात ठासून सांगायचं आहे. विवर मिळालं तर बोनस समजा. या रस्त्याचा खरा ऐवज गवत आहे.

हे गवत आपोआप टिकलेलं नाही. इथे पाऊस भरपूर पडतो. माणसाने हात काढून घेतला तर काही वर्षांत झुडपं आणि मग जंगल माजेल. म्हणून दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये गावकरी ठरवून डोंगर जाळतात. याला नोयाकी म्हणतात. हा वणवा नव्हे. आदल्या शरद ऋतूतच कडेने गवत कापून आगीला अडवणारे पट्टे काढलेले असतात, आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन लोक पाठीवर पाण्याचे पंप लावून रांगेत उभे राहतात. गावात तरुण कमी उरल्यामुळे आता शहरातून स्वयंसेवकही येतात. मार्चअखेर गेलात तर डोंगर कोळशासारखे काळे दिसतील. एप्रिलअखेरीस त्यांवर कोवळी हिरवळ आलेली असते.

त्या गवतावर लालसर तपकिरी रंगाची गुरं चरतात, त्यांना आकाउशी म्हणतात. ही चराई, कापणी आणि जाळणी मिळून चालणारी शेती २०१३ मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाच्या यादीत गेली. तेव्हा फोटोसाठी कुंपण ओलांडून कुरणात शिरू नका. ती कोणाची तरी चराईची जमीन आहे, आणि बुटांना लागलेल्या मातीतून गुरांचे रोग पसरतात. शेजारच्या मियाझाकीत २०१० मध्ये लाळ्या-खुरकताची मोठी साथ आली होती, त्यामुळे शेतकरी याबाबत हळवे आहेत.

कोणते थांबे चुकवू नयेत?

चोजाबारु. कुजूच्या पायथ्याशी तादेवारा नावाची पाणथळ जागा आहे, २००५ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसार यादीत. लाकडी पायवाटेवरून अर्ध्या तासात फेरी होते, चप्पल घालूनही चालेल. समोरच्या इओझानच्या अंगावरून वाफ निघताना दिसते. हा डोंगर १९९५ मध्ये फुटला होता. वाहनतळाजवळ एका कुत्र्याचा पुतळा आहे. त्याचं नाव हेजी, डोंगरात गिर्यारोहकांना वाट दाखवणारा म्हणून प्रसिद्ध. लहान मुलं तिथून हलत नाहीत.

माकिनोतो खिंड. सुमारे १,३३० मीटर, रस्त्याचा सर्वोच्च भाग. इथून कुजू डोंगरावर पायवाट जाते. जाऊन येऊन पाच तास धरा आणि चांगले बूट घाला. त्या रांगेतलं नाकादाके शिखर १,७९१ मीटर आहे, मुख्य क्यूशू बेटावरचं सर्वोच्च. आसोच्या नाकादाकेचं आणि याचं नाव एकच आहे, जीपीएसवर गोंधळ करून घेऊ नका.

दाइकानबो. कुंडाच्या उत्तर कड्यावर, ९३६ मीटर. समोर पाच डोंगर असे पसरलेले दिसतात की स्थानिक लोकांना त्यात पहुडलेला बुद्ध दिसतो. नेकोदाकेची दातेरी कडा म्हणजे त्याचा चेहरा. हे कोणी सांगेपर्यंत दिसत नाही आणि एकदा सांगितल्यावर दुसरं काही दिसत नाही. शरद ऋतूत पहाटे कुंडात ढग साचतात. यामानामी सोडून मिल्क रोडने इथे यावं लागतं. हा फाटा घ्याच, कड्यावरून जाणारा तो रस्ता मला यामानामीपेक्षाही आवडतो.

कोकोनोए युमे झुलता पूल. ३९० मीटर लांब, दरीपासून १७३ मीटर उंच, २००६ मध्ये फक्त चालणाऱ्यांसाठी बांधलेला. तिकीट आहे, गर्दीही असते. उंचीची भीती असणाऱ्यांनी गाडीत बसून आइस्क्रीम खावं. जवळच्या हाच्चोबारुला जपानमधलं सगळ्यात मोठं भू-औष्णिक वीज केंद्र आहे, सुमारे १,१०,००० किलोवॅटचं. झाडीतून वर येणारे वाफेचे लोट लांबूनच दिसतात.

आसो देवस्थान. यामानामी उतरल्यावर लगेचच. २०१६ च्या एप्रिलमधल्या भूकंपात याचा दुमजली लाकडी दरवाजा पूर्ण कोसळला होता. मूळची लाकडं जमेल तितकी वापरून तो पुन्हा उभा केला, काम २०२३ च्या डिसेंबरमध्ये संपलं. समोरच्या गल्लीत दुकानांबाहेर झऱ्याचं पाणी वाहत असतं, ते पिता येतं.

भूकंपाने खराब झालेले रस्ते आता सुरू आहेत का?

मुख्य रस्ते सुरू आहेत. कोसळलेल्या आसो पुलाच्या जागी थोडा पुढे नवा पूल २०२१ च्या मार्चमध्ये खुला झाला, कुमामोतोकडचा नवा बोगदा रस्ता त्याच्या आदल्या वर्षी. जुन्या ब्लॉगमध्ये गवताळ कड्यावरून नागमोडी जाणाऱ्या 'लापुता रोड'चे फोटो दिसतील. तो रस्ता भूकंपात तुटला, त्याच्या शोधात भटकू नका. दक्षिण आसोत तोकाई विद्यापीठाच्या जुन्या इमारतीखालून गेलेली भेग आहे तशी जपून ठेवली आहे, ती मात्र जरूर बघा.

कोणत्या महिन्यात जावं?

मेचा दुसरा पंधरवडा किंवा ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत कुजूच्या उतारांवर गुलाबी अझेलिया फुलतात. ऑक्टोबरमध्ये वर पानं रंगतात आणि गवताला रुपेरी तुरे येतात. जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा, धुक्यात काहीही दिसत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळांची शक्यता. डिसेंबर ते मार्च माकिनोतोवर बर्फ पडतो, रस्ता काचेसारखा होतो. तेव्हा बर्फाचे टायर असलेलीच गाडी घ्या, आणि बर्फात चालवलं नसेल तर जाऊच नका.

शाकाहारी माणसाचं कसं होणार?

कठीण, पण उपाशी राहावं लागत नाही. अडचण मांसाची कमी आणि माशाच्या अर्काची, म्हणजे दाशीची, जास्त आहे. सूप, सॉस, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यात तो असतो. नुसतं 'मांस नको' म्हटलं की समोरचा माणूस प्रामाणिकपणे माशाच्या सूपमधलं टोफू आणून ठेवतो. 'मासा आणि माशाचा दाशी नको' हे जपानीत लिहून फोनवर ठेवा आणि मुक्कामाच्या ठिकाणी आठवडाभर आधी कळवा. ऐनवेळी सांगितलं तर काही बदलत नाही.

चांगली सोय बेप्पूच्या कान्नावा भागात आहे. तिथे जमिनीतून येणाऱ्या वाफेवर आपल्या भाज्या आपणच शिजवता येतात. टोपलीत रताळी, मका, कोबी, भोपळा भरायचा, दगडी चुलाण्यात सोडायचा, वर झाकण. वीस-पंचवीस मिनिटांत रताळं असं गोड होतं की मीठही लागत नाही. बरोबर मेतकूट किंवा शेंगदाण्याची चटणी असली तर जेवणच झालं.

कुजूच्या रस्त्यावर उन्हाळ्यात भाजलेला मका मिळतो, आणि जर्सी गाईच्या दुधाचं सॉफ्ट आइस्क्रीम जवळपास प्रत्येक थांब्यावर. ताकामोरी गावात निखाऱ्यांभोवती काठीला टोचलेलं टोफू आणि अरवी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) लावून भाजतात. त्याच ताटात मासाही असतो, तो आधीच वगळायला सांगा. मांसाहारींसाठी उत्तर सोपं आहे: आकाउशीच्या मांसाचा भात ही इथली खासियत. घरून खाकरे, चिवडा, ठेपले न्या. मांसाचे पदार्थ मात्र जपानमध्ये नेता येत नाहीत, सुकी पाकिटंसुद्धा.

गरम झऱ्यात कपड्यांशिवाय उतरावं लागतं म्हणे?

हो. स्त्रिया आणि पुरुष वेगळे, पण आत सगळे विवस्त्र. आधी स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच पाण्यात. छोटा टॉवेल डोक्यावर ठेवतात, पाण्यात बुडवत नाहीत. पहिली पाच मिनिटं अवघड जातात, मग कोणी कोणाकडे बघत नाही हे लक्षात येतं. अगदीच नको वाटलं तर कुटुंबासाठी तासावर मिळणारी खासगी कुंडं बऱ्याच ठिकाणी असतात. टॅटू असेल तर आधी विचारा. कुरोकावाला लाकडाची गोल चकती विकत घेतली की गावातल्या तीन वेगवेगळ्या कुंडांत जाता येतं.

अपघात झाला, ओरखडा पडला तर?

ओरखडा कितीही लहान असो, पोलिसांना ११० वर फोन करा. त्यांचा अहवाल नसेल तर विमा लागू होत नाही. रुग्णवाहिकेसाठी ११९. विमा घेताना गाडी दुरुस्तीला गेल्यावर भाड्याच्या कंपनीच्या होणाऱ्या नुकसानीची भरपाईही त्यात आहे का ते बघा, मूळ विम्यात ती बरेचदा नसते.

गाडी चालवता येत नसेल तर?

कुमामोतो, आसो, कुरोकावा, युफुइन, बेप्पू अशी जोडणारी क्यूशू क्रॉस बस आहे. फेऱ्या मोजक्याच असतात आणि जागा आधी राखून ठेवावी लागते, शनिवार-रविवारी तर नक्कीच. मिल्क रोडवर हवं तिथे थांबणं बसने जमत नाही. रेल्वेने जायचं असेल तर कुमामोतो ते आसो हा होही मार्ग २०२० च्या ऑगस्टपासून पुन्हा पूर्ण सुरू आहे. तातेनो स्थानकापाशी चढ इतका तीव्र आहे की गाडी थांबते, उलटी मागे जाते आणि मग दुसऱ्या रुळावरून वर चढते. कुंडाची कडा ओलांडायला रेल्वेला काय करावं लागतं, ते बघायला खिडकीजवळची जागा पकडा.